मुंबईतल्या ओपन सोर्स कॉन्फरन्सच्या आयोजकांना खुलं पत्र: मराठीतून बोलू द्या

प्रति,
मुंबईत ओपन सोर्सच्या कॉन्फरन्स भरवणारे आयोजक आणि टॉक निवडणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईच्या एका उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. प्रोग्रामर नाही. ओपन सोर्स म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं असं खुलं सॉफ्टवेअर. गेल्या वर्षी तुमच्यापैकी एकाच्या कॉन्फरन्समध्ये मी वीस मिनिटं बोलले. त्या वीस मिनिटांत आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात जे घडलं, ते तुम्हा सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. ज्याला मराठीतून बोलायचं आहे त्याला मराठीतून बोलू द्या. मुख्य सभागृहात, मुख्य कार्यक्रमात, इतरांइतकाच वेळ देऊन. आणि तसं तुमच्या प्रपोजलच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा.

आमच्या वाचनालयाचा कारभार कोहा या सॉफ्टवेअरवर चालतो. पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, सभासद, सगळं त्यातच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत असेल, तरी थोडं सांगते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवं करून घेतलं आणि ते जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. जानेवारी २००० पासून ते वापरात आहे. कोहा हा माओरी शब्द. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. आपल्याकडे आहेराचं असतं तसं. आज आपण घेतला, उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण घेऊन जायचा. मला हे सॉफ्टवेअर या शब्दामुळेच आधी आपलंसं वाटलं, बाकीचं नंतर शिकले.

२०११ साली कोहाची जागतिक परिषद, कोहाकॉन, ठाण्यात भरली होती. मी तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागले होते. वरिष्ठांबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसले. परदेशातून आलेली, हे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष लिहिणारी माणसं समोर होती. मराठी नोंदींबद्दल माझ्या वहीत प्रश्न लिहिलेले होते. एकही विचारला नाही. इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत माइक पुढे गेलेला असायचा. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. दोन-अडीच वर्षांपूर्वी एक आजोबा काउंटरवर आले. आमचे जुने सभासद, मूळचे कऱ्हाडचे. त्यांना गावाच्या इतिहासावर काही हवं होतं. मी कॉम्प्युटरवर कऱ्हाड टाइप केलं. दोन नोंदी आल्या, दोन्ही त्यांनी वाचलेल्या. "एवढंच?" म्हणाले. मला माहीत होतं की एवढंच नाही. आतल्या खोलीत भिंतीकडच्या रॅकवर, खालून दुसऱ्या फळीला, निळ्या कापडी बांधणीचं एक पुस्तक आहे आणि त्याच्या नावातच कऱ्हाड आहे. ते मी स्वतः कितीदा तरी झटकून ठेवलेलं. उठून गेले, काढून आणलं. आजोबा खूश होऊन गेले. मी मात्र तशीच खुर्चीत बसून राहिले. पुस्तक फळीवर आहे, नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि शोधलं तर सापडत नाही. माझ्या जागी कोणी नवीन मुलगी असती तर तिने "नाही" सांगितलं असतं आणि आजोबा हात हलवत परत गेले असते.

ती नोंद उघडली. नाव बरोबर होतं, कऱ्हाडच लिहिलेलं होतं. मी टाइप केलेलं कऱ्हाड आणि नोंदीतलं कऱ्हाड एकाखाली एक ठेवून पाहिलं. डोळ्यांना तिळमात्र फरक नाही. मग नोंदीतला शब्द उचलून शोधाच्या चौकटीत टाकला, तर सात वेगळीच पुस्तकं आली.

कारण कळायला मला तीन महिने लागले. ऱ्ह आणि ऱ्य यांतला तो आडवा, नागमोडी अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिल्या तऱ्हेत ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं (इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की येतं) आणि त्याला हलन्त लावायचा. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर दोन्ही क्रमांना पडद्यावर एकच रूप देतं, म्हणून वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांतही त्यांना एक मानलेलं नाही. आमच्या काही नोंदी एका कीबोर्डवर झाल्या, काही दुसऱ्या, काही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या. कोणाचाच दोष नव्हता.

ॲ चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ टाइप करून वर चंद्र चढवायचे आणि पुष्कळ जण अजूनही तसंच करतात. त्यामुळे ॲनी बेझंट यांच्यावरची आमची पुस्तकं दोन गटांत विभागली गेली होती आणि एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता.

उपाय छोटा निघाला. कोहाच्या पोटात झेब्रा नावाचं शोधयंत्र असतं आणि त्याला अक्षरांचे नियम सांगणारी एक फाइल असते. नोंदीतले शब्द आणि वाचकाने टाइप केलेला शब्द, दोन्ही त्याच नियमांतून जातात. तिथे दोन ओळी लिहिल्या: र-हलन्त-जोडचिन्ह दिसलं की त्याचा ऱ-हलन्त समज, आणि अ वर चंद्र दिसला की ॲ समज. मग सगळ्या नोंदींची सूची पुन्हा बांधायला लावली. काळ्या पडद्यावर कमांड द्यायला मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून शिकले. दहा-दहा मिनिटांचे ते धडे मराठीत ऐकायला मिळतात. ते इंग्रजीतच असते तर मी टर्मिनल उघडायचं धाडस केलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे.

संध्याकाळी सूची बांधून झाली. कऱ्हाड टाइप केलं. नऊ नोंदी आल्या, निळ्या कापडाच्या बांधणीसकट. वाचनालय बंद करायची वेळ झाली होती, तरी मी अजून वीस-पंचवीस शब्द शोधून पाहिले. वाऱ्या, कोऱ्या, पायऱ्या, ॲसिड, ॲटम. सगळं जागच्या जागी सापडत होतं.

हे दुसऱ्या वाचनालयांना कळायला हवं असं तेव्हाच मनात आलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणारी वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत आणि त्यांतली जी जी कोहाकडे वळतील त्यांच्यापुढे हे येणारच. म्हणून कॉन्फरन्सला प्रपोजल पाठवलं. फॉर्म इंग्रजीत, म्हणून भाच्याकडून लिहून घेतलं. ते नाकारलं गेलं. कारण एका ओळीचं होतं, विषय कार्यक्रमात बसत नाही म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, तेव्हा घेतलं गेलं. निवड झाल्याच्या ईमेलमध्ये एक अट होती: सर्व टॉक इंग्रजीतच.

महिनाभर मी लोकलमध्ये पाठांतर केलं. वीस मिनिटांचं इंग्रजी भाषण, कागदावर लिहून. स्लाइडसाठी मुक्ता फॉन्ट वापरला. तो आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' नावाच्या, फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवलेला आहे, आणि ऱ्ह त्यात फार सुरेख दिसतो. त्यातल्या त्यात तेवढा एक आधार वाटत होता.

पहिली सात-आठ मिनिटं ठीक गेली. कोहा म्हणजे काय, आमचं वाचनालय कुठे, हे पाठ होतं ते सांगितलं. मग तो अर्धा र आला. इंग्रजीत त्याला पापणीचा र म्हणतात. मी तो शब्द उच्चारला, समोर कोरे चेहरे. दुसऱ्यांदा समजावलं, तरी कोरेच. पहिल्या रांगेतला एक जण फोन बघायला लागला. मला घाम फुटला. तेवढ्यात माझ्या तोंडून आपोआप निघालं: "अहो, दर्या म्हणजे समुद्र. आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. दोन्हीत र आणि य आहे, पण एकात रफार आहे आणि दुसऱ्यात नाही. आपण कधी चुकतो का?"

सभागृहात हालचाल झाली. मागच्या रांगांतली माणसं सावरून बसली. कोणीतरी मोठ्याने "वाऱ्या!" म्हणालं, दुसरं कोणीतरी "सुऱ्या!". मी म्हटलं, हो, बरोबर, आता हे बघा, आणि स्लाइडवरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या दऱ्या दाखवल्या आणि त्या सारख्या नाहीत हे दाखवलं. पुढची बारा मिनिटं मी मराठीत बोलले. युनिकोड, हलन्त, इंडेक्स हे शब्द जसेच्या तसे, आणि बाकी सगळं मी काउंटरवर बोलते तसं. पाच मिनिटं उरल्याचा कागद दाखवणारा व्हॉलंटियर कागद वर धरायचा विसरला. त्याने मागाहून माफी मागितली, म्हणाला, ऐकत होतो. प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न इंग्रजीत आले. त्यांची उत्तरं मी जमेल तशी इंग्रजीत दिली आणि कोणाचं काही अडलं नाही. विचारणाऱ्यांपैकी एक बाई तमिळ होत्या. त्या म्हणाल्या, स्लाइड बघून सगळं कळलं, आमच्याकडेही असेच घोळ आहेत.

खाली उतरल्यावर आयोजकांपैकी एकाने मला बाजूला घेतलं. सभ्यपणे, आवाज न चढवता त्याने सांगितलं की पुढच्या वेळी कृपया पूर्ण इंग्रजीत बोला, रेकॉर्डिंग जगभर जातं. मी "सॉरी" म्हटलं. ते सॉरी मला अजून टोचतं. त्या मुलावर माझा राग नाही, तो नियम सांगत होता. मला तो नियम बदलून हवा आहे.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. जेवणाच्या रांगेत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्यामागे उभा होता, बदलापूरहून आलेला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या वाचनालयात पुस्तकाच्या नावात १९६० असेल आणि मी इंग्रजी कीबोर्डवरून आकडे टाकले तर सापडेल?" मी थबकले. हा विचार मी केलाच नव्हता. ताट बाजूला ठेवून आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याने लॅपटॉप उघडला, मी माझी नियमांची फाइल दिली आणि त्याने तिसरी ओळ लिहिली: देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे एकच समज. सोमवारी मी ती वाचनालयात लावली. तो मुलगा सकाळपासून पाच टॉकना बसला होता आणि कुठेच काही बोलला नव्हता. मी विचारलं, का रे? म्हणाला, "इंग्रजीत विचारायला भीती वाटते. तुम्ही मराठीत बोललात म्हणून आलो."

माझ्या टॉकमधून कोहाला मिळालेली पहिली परतफेड ही अशी आली. मराठीतून.

आयोजकहो, तुमच्या अडचणी मला कळतात. सभागृह मिळवणं, प्रायोजक, वायफाय, जेवण, रात्रीचे फोन, हे सगळं तुम्ही नोकऱ्या सांभाळून, बहुतेक वेळा एक रुपया न घेता करता. मुंबईत सगळ्या प्रांतांची माणसं येतात, त्यामुळे इंग्रजी सोयीची वाटते, हेही समजतं. कोडमधल्या सूचना, बगच्या म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या नोंदी, जगभरच्या लोकांशी चालणारा पत्रव्यवहार इंग्रजीतच असावा, याला माझी काहीच हरकत नाही. माझी बगची नोंद मी शब्दकोश समोर ठेवून इंग्रजीतच लिहिली. पण समोरासमोर बसून एकमेकांना काही समजावण्यासाठी माणसं कॉन्फरन्सला येतात. कागद वाचायचा असता तर आम्ही घरी बसून वाचला असता. स्लाइड इंग्रजीत ठेवून तोंडाने मराठीत बोललं तर काय बिघडतं, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं: काही बिघडत नाही. रेकॉर्डिंगला मागाहून इंग्रजी ओळी जोडता येतात. ते काम मी स्वतः करून द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी मिळतील.

या सॉफ्टवेअरच्या जगाकडेच बघा. कोहा नाव माओरी. हार्फबझ हे नाव फारसीतून आलेलं. (आपला दर्याही फारसीतूनच आला आहे, हे जाता जाता.) ती सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आपापल्या मुलखातले शब्द सोबत आणले आणि जगाने ते घेतले. केरळात स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगची मंडळी वीसहून अधिक वर्षं आपल्या लिपीचे फॉन्ट, कीबोर्ड, भाषांतरं करत आली आहेत आणि मलयाळमची ओळख त्यांच्या कामात पहिल्यापासून आहे. मुंबईतही असं काम झालेलं आहे. जुहूला एनसीएसटी ही सॉफ्टवेअरवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती तेव्हा सुलेखनकार र. कृ. जोशींनी तिथे भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, पवईला आयआयटीत मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणारी माणसं वर्षानुवर्षं आहेत. या शहराला हे नवं नाही. मंचावरून ते मराठीत ऐकू येणं तेवढं राहिलं आहे.

आणि ज्यांना तुम्ही मंचावर कधी पाहिलं नाही अशी माणसं पुष्कळ आहेत. महापालिकेच्या शाळेत जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकून वर्ग चालवणारे शिक्षक. क्यूजीआयएसमध्ये नकाशे करणारे. सहकारी पतपेढीत लिबरऑफिसवर ताळेबंद बसवणारे. आमच्यासारखे ग्रंथपाल तर किती तरी. सॉफ्टवेअर कुठे अडतं हे या माणसांना लिहिणाऱ्यांपेक्षा आधी कळतं, कारण ती रोज सात-आठ तास ते वापरतात. त्यांनी कोणाला सांगायचं? फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून ती तो उघडतच नाहीत. तुमच्या समितीपुढे त्यांचं प्रपोजल येतच नाही, आणि मग मराठीतून मागणीच नाही असं तुम्हाला वाटतं.

म्हणून फॉर्म मराठीत भरता येईल असं करा. ज्यांनी कधी भाषण केलेलं नाही त्यांची आधी एक तालीम घ्या, फोनवर घेतली तरी चालेल. प्रपोजल नाकारलं तर दोन-तीन ओळींत खरं कारण कळवा. मला पहिल्या वर्षी ते कळलं असतं तर वर्ष वाया गेलं नसतं. वर्डकॅम्पसारख्या (वेबसाइट करायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्ससारख्या) ठिकाणी कॉन्ट्रिब्युटर डे ठेवतात, नवख्यांना टेबलाशी बसवून पहिलं काम करून घेतात, तसं एक टेबल मराठीचं ठेवा. मात्र मराठीसाठी कोपऱ्यातली वेगळी खोली देऊ नका. बदलापूरचा तो मुलगा कोपऱ्यातल्या खोलीत आला नसता, तो मुख्य सभागृहात होता.

या वर्षीचं माझं प्रपोजल मी मंगळवारी रात्री पाठवलं आहे. वाचनालयांच्या शोधयंत्रासाठी मराठी अक्षरांचे नियम, हा विषय. या वेळी नियमांच्या ओळी अकरा झाल्या आहेत, त्यांतल्या चार त्या मुलाच्या आहेत आणि सहवक्ता म्हणून त्याचं नाव लिहिलं आहे. भाषा या रकान्यात तुमच्याकडे एकच पर्याय होता. मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं आहे: मराठी. उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्रंथपाल
मुंबई